आंत्रमुख साधने व त्यांच्या खर्चाची व्यवस्था

आंत्रमुख साधने व त्यांच्या खर्चाची व्यवस्था : रोग, इजा किंवा जन्मजात दोष यांमुळे मल अथवा मूत्र यांच्या विसर्जनाचा नैसर्गिक मार्ग निरुपयोगी झाला असता शस्त्रक्रियेने आतड्याचा भाग उदरभित्तीतून बाहेर काढून त्वचेवर जे कृत्रिम तोंड तयार करतात, त्यास आंत्रमुख किंवा ‘स्टोमा’ म्हणतात. हे तोंड बृहदांत्राचे (मोठ्या आतड्याचे) असल्यास कोलोस्टोमी, शेषांत्राचे (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे) असल्यास इलिओस्टोमी आणि मूत्रविसर्जनासाठी केलेले असल्यास यूरोस्टोमी ही नावे रूढ आहेत. या मुखास नियंत्रक स्नायू नसतो. त्यामुळे बाहेर पडणारे द्रव्य धरून ठेवण्यासाठी त्यावर पिशवी बसवावी लागते. पिशवी, ती त्वचेस चिकटविणारी चकती, कडांभोवती भरावयाचा लेप, पट्टा, चूर्ण व धुण्याची उपकरणे मिळून आंत्रमुख साधने होतात. ही साधने वापरून टाकून द्यावयाची असतात आणि ती बहुधा आयुष्यभर लागतात. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो, साधनांचा मात्र दरमहा येतो. आजारीपणातील खर्चासाठी निरनिराळ्या देशांत ज्या विमायोजना उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः रुग्णालयातील खर्च डोळ्यांपुढे ठेवून उभ्या राहिल्या. या दीर्घकालीन खर्चाला त्यांत जागा मिळण्यास बराच काळ जावा लागला आणि काही देशांत ती अद्यापि मिळालेली नाही.

आंत्रमुखाची कल्पना फ्रान्समध्ये प्रथम मांडली गेली. गुदद्वार नसलेल्या एका अर्भकाच्या मरणोत्तर तपासणीवरून आलेक्सी लीत्रे यांनी १७१० मध्ये असे सुचविले, की अशा वेळी आतडे उदरभित्तीपाशी आणून उघडल्यास जीव वाचविता येईल. १७७६ मध्ये रूआन येथील पीयॉर या शस्त्रक्रियाविशारदांनी गुदांत्राच्या कर्करोगाने अडथळा झालेल्या एका मद्यव्यापाऱ्यावर अशी शस्त्रक्रिया केली. अडथळा दूर करण्यासाठी पूर्वी पाजलेल्या पाऱ्याच्या परिणामामुळे तो सु. चार आठवड्यांनी मरण पावला. १७९३ मध्ये ब्रेस्ट येथे द्यूरे यांनी तीन दिवसांच्या अर्भकावर केलेली कोलोस्टोमी यशस्वी झाली व तो मुलगा पुढे ४५ वर्षांपर्यंत जगला. त्यानंतर दोनच वर्षांनी गाडीचा खुंट पोटात घुसलेल्या एका शेतमजुरावर अशीच शस्त्रक्रिया झाली. हा मनुष्य ८१ व्या वर्षापर्यंत जगला व मल धरण्यासाठी एक लहानशी चर्मपिशवी वापरीत असे, असे वृत्त आहे. शस्त्रक्रियेच्या इतिहासात या चर्मपिशवीचा उल्लेख सहसा एका वाक्यात आटोपतो. तथापि रुग्णाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेनंतरचे सर्व आयुष्य त्या पिशवीवर अवलंबून होते, आणि ती मिळविण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची होती.

पुढील सु. दीडशे वर्षांत शस्त्रक्रिया सुधारली, साधने फारशी सुधारली नाहीत. कापडाच्या घड्या, स्पंज, धातूच्या किंवा रबराच्या वाट्या व त्या जागी धरून ठेवणारे पट्टे यांवर काम भागविले जाई. कोलोस्टोमीतून बाहेर येणारा मल बराचसा घट्ट असल्यामुळे तेथे कसेबसे निभावे. इलिओस्टोमीतील द्रव्य पातळ असते व त्यातील पाचक एंझाइमांमुळे भोवतालची त्वचा अक्षरशः पचू लागते. व्रणीय बृहदांत्रशोथावर इलिओस्टोमीचा उपाय १९१३ मध्ये सेंट लूइस येथील जॉन यंग ब्राउन यांनी पुरस्कारिला. परंतु साधनांअभावी रुग्णाची अवस्था इतकी दयनीय होई, की पुष्कळ वैद्य ही शस्त्रक्रिया सुचविण्यास कचरत. चाळीशीच्या दशकात शिकागो येथील आल्फ्रेड स्ट्राउस यांच्या एका रुग्णाने, तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता, त्वचेला चिकटविता येईल अशी रबरी पिशवी तयार केली आणि एका उत्पादकाने ती बाजारात आणली. आंत्रमुखाच्या साधनांत रुग्ण, त्यांचे नातलग आणि परिचारिका यांच्या कल्पकतेचा वाटा शस्त्रक्रियाविशारदांइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, आहे.

पन्नाशीचे दशक या क्षेत्रात निर्णायक ठरले. १९५२ मध्ये बर्मिंगहॅम येथील ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचे टोक बाहेरच्या बाजूस उलटवून शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे मुख त्वचेच्या वर उठून राहू लागले व पिशवी नीट बसू लागली. डेन्मार्कमध्ये एलीसे सोरेन्सन या परिचारिकेने, आपली बहीण शस्त्रक्रियेनंतर गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेनाशी झाली हे पाहून, चिकट कडा असलेल्या व एकदा वापरून टाकून द्यावयाच्या प्लॅस्टिक पिशवीची कल्पना मांडली. प्लॅस्टिक उत्पादक ऑगे लुई-हान्सेन यांनी ती प्रथम नाकारली होती. त्यांच्या पत्नीने, त्याही परिचारिका होत्या, आग्रह धरल्यावर १९५५ मध्ये त्यांनी पहिल्या सु. १,००० पिशव्या तयार केल्या. त्यातूनच १९५७ मध्ये ‘कोलोप्लास्ट’ ही कंपनी निघाली.

त्याच सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत क्लीव्हलंड येथे रूपर्ट टर्नबुल यांनी त्वचेच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरण्यास प्रारंभ केला. हा डिंक ओलाव्याने फुगून चिकट होतो आणि त्वचेवर संरक्षक थर धरतो. तो ज्या वृक्षापासून मिळतो तो कांडोळ (स्टर्क्युलिया यूरेन्स) महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, गुजरात इ. राज्यांतील कोरड्या पानझडी जंगलांत वाढतो. सालीवर खाचा पाडून डिंक गोळा करण्याचे काम मुख्यतः आदिवासी करतात. जगाच्या बाजारपेठेतील कराया डिंकाचा मोठा पुरवठा भारतातूनच होत आलेला आहे. पुढे सत्तरीच्या दशकात कृत्रिम जलस्नेही चकत्या आल्या व डिंकाचे महत्त्व कमी झाले. टर्नबुल यांनी १९५८ मध्ये आपल्या नॉर्मा गिल या रुग्णस्त्रीलाच इतर रुग्णांना शिकविण्यासाठी नेमले आणि १९६१ पासून तेथे या विषयाचे नियमित प्रशिक्षण सुरू झाले.

वापरून टाकावयाच्या पिशवीने रुग्णाचे आयुष्य सुकर केले. परंतु तिने खर्चाचे स्वरूपही बदलले. रबरी पिशवी धुऊन, सुकवून अनेक महिने वापरता येई. नवी पिशवी काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत संपते. त्यामुळे पूर्वी अधूनमधून करावी लागणारी खरेदी आता औषधासारखी नियमित झाली. हे साधन विमाकायद्याच्या कोणत्या सदरात घालावयाचे, हा प्रश्न येथून पुढे महत्त्वाचा झाला. पट्ट्या व मलमपट्टीचे साहित्य, शरीराला आधार देणारे उपकरण आणि गमावलेल्या अवयवाच्या जागी येणारा कृत्रिम अवयव अशी तीन उत्तरे संभवत होती. कोणत्या देशाने कोणते उत्तर स्वीकारले, यावर तेथील रुग्णाच्या खिशाला किती झळ लागणार ते ठरले.

यूरोप : सामाजिक विम्याच्या पहिल्या कायद्यांत उपकरणांचा विचार अगदीच नव्हता असे नाही. जर्मनीच्या १८८३ च्या आजारविमा कायद्याने विमाधारक कामगारांना वैद्यकीय उपचार व औषधे यांबरोबर चष्मे, अंतर्गळाचे पट्टे ‘व तत्सम’ साधने देऊ केली होती. हे ‘तत्सम’ पद पुढे फार उपयोगी पडले. कारण आंत्रमुखाची पिशवी ही पट्ट्याच्या वर्गात बसविणे सोपे होते. जर्मनीत वैधानिक विमानिधी हा खर्च उचलतात. २००४ पासून वापरून संपणाऱ्या साधनांवर विमाधारकास किमतीच्या १० टक्के, परंतु महिन्याच्या गरजेसाठी जास्तीत जास्त १० यूरो, एवढा वाटा द्यावा लागतो.

ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने औषधांच्या जोडीला ठराविक शस्त्रक्रियोपयोगी उपकरणे मान्य केली होती, पण तो लाभ विमाधारक कामगारापुरता होता. त्याची पत्नी व मुले त्यात येत नसत. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर ही मर्यादा गेली. डॉक्टरने चिठ्ठीवर साधन लिहावयाचे, औषधविक्रेत्याने किंवा उपकरणपुरवठादाराने ते द्यावयाचे आणि शासनाच्या दरपत्रकाप्रमाणे त्याचे पैसे सरकारकडून घ्यावयाचे, ही पद्धत स्थिरावली. या दरपत्रकात आंत्रमुखाच्या साधनांना स्वतंत्र विभाग आहे. १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग शुल्क लागू झाले. ते १९६५ मध्ये रद्द होऊन १९६८ मध्ये वाढीव दराने पुन्हा आले. मात्र या वेळी काही दीर्घकालीन विकारांच्या रुग्णांना त्यातून वगळण्यात आले. त्या छोट्याशा यादीत, सतत पट्टी किंवा उपकरण लागणारे कायमचे छिद्र असलेल्या रुग्णांचा, म्हणजे कोलोस्टोमी व इलिओस्टोमी झालेल्यांचा, समावेश होता. सवलत व्यक्तीला मिळत असल्यामुळे अशा रुग्णास पिशव्यांप्रमाणेच इतर औषधांवरही शुल्क पडत नाही. ही यादी तर्काला धरून होती असे म्हणवत नाही. कर्करोगामुळे कोलोस्टोमी झालेल्यास १९६८ पासून शुल्क माफ होते, तर कर्करोग असूनही कोलोस्टोमी न झालेल्यास इंग्लंडमध्ये २००९ पर्यंत ते भरावे लागे. शिवाय ‘कायमचे’ या शब्दामुळे, काही महिन्यांनी बंद करावयाचे तात्पुरते आंत्रमुख असणाऱ्यांची स्थिती संदिग्ध राहिली. वेल्स (२००७), उत्तर आयर्लंड (२०१०) व स्कॉटलंड (२०११) यांनी चिठ्ठीशुल्कच रद्द केल्याने हा प्रश्न आता इंग्लंडपुरता उरला आहे.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : येथील आरोग्यविम्याचा उगम रुग्णालयाच्या बिलातून झाला. १९२९ मध्ये डॅलस येथील शिक्षकांना दरमहा ५० सेंटमध्ये वर्षाला २१ दिवस रुग्णालयात राहण्याची हमी देणारी योजना निघाली व तिच्यातूनच ‘ब्लू क्रॉस’ या योजनांचा विस्तार झाला. रुग्ण घरी गेला की या विम्याचे काम संपे. आंत्रमुखधारकाचा खर्च नेमका तेथूनच सुरू होत असे. अशा स्थितीत रुग्णांनीच एकत्र येऊन माहिती व साधने यांची देवघेव सुरू केली. न्यूयॉर्क येथील मौंट सायनाय रुग्णालयात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गटाने तेथील ‘क्यू’ व ‘टी’ या दोन कक्षांवरून आपले नाव घेतले होते. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये इलिओस्टोमीधारकांची संघटना निघाली. अमेरिकेतील विखुरलेल्या गटांची मध्यवर्ती संघटना १९६२ मध्ये स्थापन झाली. ती २००५ मध्ये विसर्जित होऊन तिच्या जागी नवी संघटना आली.

३० जुलै १९६५ रोजी संमत झालेल्या ‘मेडिकेअर’ कायद्याने ६५ वर्षांवरील नागरिकांना शासकीय विमा मिळाला. या कायद्याचे सर्वसाधारण धोरण घरी वापरून टाकावयाच्या वस्तूंचा खर्च न देण्याचे होते. आजही प्रौढांची लंगोटे त्यातून मिळत नाहीत. तथापि शरीरातील एखाद्या इंद्रियाची जागा घेणारे कृत्रिम साधन त्यास मान्य होते. आंत्रमुखाची पिशवी ही गुदांत्राचे साठवणुकीचे काम करते, म्हणजे ती वस्तुतः कृत्रिम अवयवच होय, हा युक्तिवाद येथे उपयोगी पडला. ऑक्टोबर १९७२ मध्ये सामाजिक सुरक्षा कायद्यात ज्या विस्तृत दुरुस्त्या झाल्या, त्यांत कृत्रिम अवयवांच्या व्याख्येत कोलोस्टोमीच्या पिशव्या व कोलोस्टोमीच्या निगेशी प्रत्यक्ष संबंधित साहित्य यांचा कंसात स्पष्ट उल्लेख करण्यात आला. त्याच दुरुस्त्यांनी ६५ वर्षांखालील दीर्घकाळ अपंग असलेल्यांनाही मेडिकेअर खुले केले. कंसातील थोडक्या शब्दांनी लक्षावधी रुपयांचा नव्हे, तर लक्षावधी डॉलरांचा भार रुग्णाकडून विमानिधीकडे वळविला; विधिलेखनात असे क्वचितच घडते.

मान्यता मिळाली तरी खर्च पूर्णपणे टळला नाही. मेडिकेअरच्या या भागात वार्षिक वजावट भरल्यानंतर मान्य दराच्या ८० टक्के रक्कम मिळते व २० टक्के रुग्णाकडे राहते. ती भरून काढण्यासाठी अनेकजण पूरक विमा घेतात. साधनांच्या संख्येवरही मर्यादा आहे. खालून रिकामी करता येणाऱ्या पिशव्या महिन्याला सामान्यतः २० व बंद पिशव्या ६० मान्य होतात, आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा साठा घेता येतो. पिशवी तीन-चार दिवस टिकली तर ही संख्या पुरून उरते. परंतु पोटावर वळ्या असलेल्या, मुख त्वचेच्या पातळीत किंवा आत दबलेले असलेल्या अथवा भोवती अंतर्गळ झालेल्या रुग्णाची पिशवी दिवसातून दोनदाही सुटते. अशा वेळी अधिक साधनांची वैद्यकीय आवश्यकता डॉक्टरच्या नोंदींतून सिद्ध करावी लागते. ती नोंद अपुरी असल्यास मागणी फेटाळली जाते व मग अपिलाचा मार्ग उरतो. पुरवठादाराने मेडिकेअरचा मान्य दर अंतिम म्हणून स्वीकारला आहे की नाही, हेही पाहावे लागते. नसल्यास वरचा फरक रुग्णाला सोसावा लागतो.

यात एक विचित्र अडचण ऑक्टोबर २००० नंतर निर्माण झाली. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना मेडिकेअरने ठोक रक्कम देण्यास प्रारंभ केला आणि त्या रकमेत आंत्रमुख साधनेही धरली. परिणामी, एखाद्या वृद्धाच्या पायाच्या जखमेसाठी अशी परिचारिका येऊ लागली, की तेवढ्या काळापुरता त्याचा नेहमीचा पिशव्यांचा पुरवठादार बाजूस होतो. पिशव्या त्या शुश्रूषासंस्थेनेच द्यावयाच्या असतात. हा नियम ठाऊक नसलेल्या रुग्णाने पूर्ववत साधने मागविली, तर त्यांचे पैसे नाकारले जातात. २०२५ मध्ये आंत्रमुख साधनांचा पुरवठा स्पर्धात्मक निविदांच्या कक्षेत आणण्याचा प्रस्ताव केंद्रीय यंत्रणेने मांडला. निविदेतील स्वस्त पिशवी प्रत्येकाच्या पोटावर बसेलच असे नाही, असा आक्षेप रुग्णसंघटनांनी घेतला.

मेडिकेअरच्या बाहेरचे चित्र एकसारखे नाही. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेत मर्यादा राज्याराज्यांनुसार बदलतात. खाजगी विम्यात साधने कोणत्या सदरात धरली आहेत, हे करारपत्र वाचल्यावाचून कळत नाही. कनेक्टिकटसारख्या राज्याने विमाकंपन्यांवर हा खर्च देण्याचे कायदेशीर बंधन घातले. तेथील वार्षिक मर्यादा प्रथम १,००० डॉलर होती व पुढे ती २,५०० डॉलर झाली. २०१० च्या आरोग्यविमा सुधारणा कायद्यामुळे, पूर्वीपासून असलेल्या विकाराच्या कारणावरून विमा नाकारण्याची प्रथा २०१४ पासून बंद झाली. आंत्रमुखधारकास नोकरी बदलण्याची भीती वाटे, ती मुख्यत्वे या प्रथेमुळेच होय. वजावट दर वर्षी नव्याने सुरू होत असल्याने वर्ष संपण्यापूर्वी साठा करून ठेवणे, आणि मृत किंवा बरे झालेल्या रुग्णांच्या उरलेल्या पिशव्या स्थानिक गटांमार्फत गरजूंना देणे, हे व्यवहार तेथे सर्रास चालतात.

इतर देश : ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये वेगळी वाट धरली. तेथील आंत्रमुख साधन योजनेत रुग्ण स्थानिक संघटनेचा सभासद होतो व लहानशी वार्षिक वर्गणी भरतो. संघटना मान्य यादीतील साधने विनामूल्य पुरविते आणि केंद्र शासन संघटनेला त्यांची किंमत देते. रुग्णांच्या स्वयंसेवी संघटनेवरच वितरणाचे काम सोपविण्याचे हे उदाहरण विरळाच. जपानमध्ये १९८४ पासून आतडे व मूत्राशय यांच्या कार्यातील कायमचा बिघाड शारीरिक अपंगत्वात गणला जातो. साधनांसाठीचे साहाय्य अपंगकल्याणाच्या मार्गाने, २००६ नंतर नगरपालिकांमार्फत, मिळते.

भारत : सत्तरीच्या दशकात मुंबईत आंत्रमुखधारकांची संघटना स्थापन झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) हे या निगेचे देशातील प्रमुख केंद्र ठरले. प्रारंभी चांगल्या पिशव्या बहुतेक परदेशातून येत. केंद्र शासनाच्या आयातशुल्क-अधिसूचनांत सवलतीस पात्र अशा वैद्यकीय वस्तूंच्या याद्यांत आंत्रमुखाच्या पिशव्या, पट्टे, चकत्या यांबरोबर करायाच्या चकत्या, लेप व चूर्ण यांचाही नामनिर्देश आढळतो. म्हणजे येथील जंगलातून गेलेला डिंक प्रक्रियेनंतर शुल्कसवलतीने परत येत होता. ज्यांना तयार पिशवी परवडत नाही, असे रुग्ण साधी प्लॅस्टिकची पिशवी कमरेला दोरीने बांधून किंवा कापडाच्या घड्या ठेवून वेळ निभावतात. तयार पिशवी मिळाली तरी ती धुऊन पुनःपुन्हा वापरतात, आणि त्वचाशोथ झाला की त्यावरील उपचाराचा खर्च वेगळाच.

भारतीय आरोग्यविम्याची घडण मूलतः रुग्णालयातील वास्तव्याभोवती झाली. १९८६ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘मेडिक्लेम’ पत्रकात रुग्णालयातील वास्तव्याचा व त्यानंतरच्या ठराविक, बहुधा ६०, दिवसांचा खर्च धरला जाई. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पिशव्या त्यात कदाचित येत, तिसऱ्या महिन्यापासूनच्या येत नसत. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली व तिने कुटुंबास वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. या योजनांमुळे आतड्याच्या कर्करोगावरील मोठी शस्त्रक्रिया गरीब कुटुंबाच्या आटोक्यात आली, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र केंद्रीय योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच धरलेला आहे.

अपंगकल्याणाच्या मार्गानेही येथे फारसे साध्य झालेले नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत रक्तविकारांना स्थान मिळाले, आंत्रमुखाचा स्वतंत्र प्रकार म्हणून समावेश झाला नाही. त्यामुळे जपानप्रमाणे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर पिशव्या मिळविण्याची सोय येथील रुग्णास उपलब्ध नाही. घरच्या मिळकतीतून जे भागत नाही, ते रुग्णालयांतील समाजसेवा विभाग, धर्मादाय न्यास आणि परदेशी संघटनांकडून येणाऱ्या देणगीच्या पिशव्या यांतून भागविले जाते. देणगीतील पिशवीचे माप रुग्णाच्या मुखाशी जुळेलच, असे नसते.